परदेशी गुंतवणूक, पऱ्हाटी आणि सीआयएनमधले दोन आकडे

मार्च २०२५ मध्ये आमच्या कंपनीच्या खात्यात पहिली परदेशी गुंतवणूक जमा झाली. अभिनंदनाचे फोन आले, पेढे वाटले. पण त्याआधीचे जवळपास दोन महिने मी विसरू शकत नाही. त्या दोन महिन्यांत आमच्या हातचा हंगाम गेला, आणि कारण होतं कंपनीच्या नोंदणी क्रमांकातले दोन आकडे. शेती आणि हवामानबदलाच्या क्षेत्रात कंपनी काढून गुंतवणूकदार शोधणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ नये म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आम्ही हिंगणघाट भागात पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून, बायोचार करतो. कापूस निघाल्यावर वावरात एकरी साधारण टनभर पऱ्हाटी उरते. थोडी चुलीला जाते, बाकीची बहुतेक पेटवून देतात. ती कमी ऑक्सिजनमध्ये, चारशे-पाचशे अंशांच्या वर तापवली की तिच्यातल्या कार्बनचा मोठा हिस्सा कोळशाच्या रूपात टिकतो. हा कोळसा म्हणजेच बायोचार. तो मातीत मिसळला की शेकडो वर्षं तिथेच राहतो, आणि जमिनीत ओल धरून ठेवतो. एक टन चांगल्या बायोचारमध्ये अंदाजे अडीच टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन अडकलेला असतो. त्याचं क्रेडिट, म्हणजे तेवढा कार्बन हवेतून कमी केल्याचं प्रमाणपत्र, विकता येतं आणि गुंतवणूकदाराचा रस त्यातच असतो. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने वराह या भारतीय कंपनीकडून एक लाख टनांची बायोचार क्रेडिट घेण्याचा करार जाहीर केला, तेव्हापासून तर 'बायोचार म्हणजे काय?' इथून सुरुवात करावी लागत नाही.

गुंतवणूकदार मिळवणं सोपं नव्हतं, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. सिंगापूरचा एक छोटा हवामान फंड होता. चार ऑनलाइन बैठका झाल्या, मग त्यांचा माणूस भट्टी बघायला आला. त्याने कोळशाचा तुकडा हातात घेतला, दुसऱ्या तुकड्यावर आपटला, काचेसारखा किणकिण आवाज आला. मग बोटांवर चोळला आणि नुसत्या पाण्याने हात धुतले. साबण न लावता हात स्वच्छ झाले. नीट भाजलेला कोळसा तेलकट राहत नाही, ही त्याची खूण. प्रयोगशाळेचा अहवाल त्याने नंतर मागितला, पण खात्री त्याला तिथेच पटली असं मला वाटतं. डिसेंबरात टर्मशीटवर, म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींच्या कागदावर, सह्या झाल्या, १८ डिसेंबरला शेअरच्या मूल्यांकनाचं प्रमाणपत्र आलं, २० जानेवारीला पैसे भारतात पोचले.

पोचले म्हणजे बँकेच्या परकीय चलन विभागात पोचले. आमच्या खात्यात नाही.

तिसऱ्या दिवशी ईमेल आला, दोन ओळींचा. कंपनीचा व्यवसाय शेती दिसतो, शेतीत थेट परकीय गुंतवणुकीला परवानगी नाही, खुलासा करावा. मला वाटलं काहीतरी गैरसमज आहे, एका दिवसात मिटेल. आम्ही तीन पानी खुलासा पाठवला: आम्ही काही पेरत नाही, जमीन आमची नाही, शेतकऱ्याकडून पऱ्हाटी घेतो आणि कोळसा बनवतो. नऊ दिवस उत्तर नाही. फोन केला की 'फाईल वर गेली आहे.' दहाव्या दिवशी दुसऱ्याच अधिकाऱ्याचा ईमेल, तोच प्रश्न, शिवाय नवा एक. भारताच्या सीमेला लागून असलेल्या देशांतला कुणी त्या फंडाचा अंतिम मालक आहे का, याचं हमीपत्र द्या. एप्रिल २०२० पासून तसा नियम आहे, त्यामुळे ती मागणी रास्तच होती. पण मग ती पहिल्याच ईमेलमध्ये का केली नाही? सिंगापूरहून ते हमीपत्र मिळायला आठवडा गेला.

तिकडे वावरांत पऱ्हाटी उभी. आमच्या आजूबाजूला कापूस जानेवारीपर्यंत आटोपतो, मग पऱ्हाटी चिमट्याने उपटायची आणि रान मोकळं करायचं. ती ठेवून चालत नाही, कारण न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते आणि पुढच्या हंगामात उठते. फरदड (त्याच झाडांवर पुन्हा कापूस) घेऊ नका, पऱ्हाटी ठेवू नका, हे कृषी विभाग सांगतो आणि ते बरोबरच आहे. एकशे चाळीस एकरांचे शेतकरी आम्हाला पऱ्हाटी द्यायला तयार होते. नव्या भट्ट्या आणि पऱ्हाटीचे तुकडे करणारे श्रेडर त्याच पैशांतून यायचे होते. एक काका रोज फोन करायचे. "ताई, काहून उशीर लावता? वावर नांगराचं हाय. पैसे नाई आले तं सांगून द्या, मी काडी लावतो." त्यांना काय सांगणार? पैसे आलेत पण आले नाहीत?

शेवटी मी नागपूरला बँकेत जाऊन बसले. सकाळी साडेदहाला गेले, साडेतीनला बोलावणं आलं. अधिकारी सौजन्याने वागले, हे लिहायलाच हवं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि आमच्या सीआयएनवर, म्हणजे कंपनीच्या एकवीस अक्षरी नोंदणी क्रमांकावर, बोट ठेवलं. सुरुवातीला 'यू', त्यानंतर शून्य, एक.

"मॅडम, शून्य एक म्हणजे शेती."

"आम्ही एक गुंठाही पेरत नाही."

"मग असं लिहिलंय कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते सांगायची मला लाज वाटली. २०२१ मध्ये कंपनी नोंदवताना आमच्या सल्लागाराने विचारलं होतं, 'शेतीचंच आहे ना? मग शेतीच टाकू, पुढे सवलतींना बरं पडेल.' आम्ही मान डोलावली होती. कंपनीच्या घटनापत्रात (मेमोरँडममध्ये) ती काय काम करणार हे सांगणारं उद्देश कलम असतं, त्यातही पहिलंच वाक्य शेती, लागवड, पिकं घेणे असं होतं, कुठल्या तरी जुन्या नमुन्यावरून उतरवलेलं. चार वर्षं ते कुणी वाचलं नाही. आम्हीही नाही.

नियम मी तिथून परतताना बसमध्ये वाचला. शेतीत शंभर टक्के परकीय गुंतवणूक परवानगीशिवाय चालते, पण ठरावीक गोष्टींतच: नियंत्रित वातावरणातली फुलं, फळं, भाज्या, अळिंबी, बियाणं आणि रोपं, पशुपालन, मत्स्यपालन, मधमाश्या, आणि शेतीशी निगडित सेवा. चहा-कॉफीसारख्या मळ्यांचं कलम वेगळं. बाकी शेतीला बंदी. कोळसा बनवणं हे मात्र सरळ उत्पादन आहे, आणि उत्पादनाला दार उघडं आहे. म्हणजे आमचं काम आधीपासून नियमात बसत होतं, फक्त कागदावर ते दुसऱ्याच खणात पडलं होतं. बँकेने हे पहिल्या ईमेलमध्ये एका वाक्यात सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते. माझा राग आहे तो इतकाच, आणि तो अजून गेलेला नाही.

पुढचं भराभर झालं. भागधारक आम्ही तिघंच, त्यामुळे अल्प सूचनेवर सभा घेता आली. उद्देश कलम बदलण्याचा विशेष ठराव केला, तो कळवणारा एमजीटी-१४ हा फॉर्म भरला, ४ मार्चला नवं प्रमाणपत्र आणि नवा सीआयएन आला. १२ मार्चला बँकेने रक्कम खात्यात घातली.

यात एक घड्याळ सतत डोक्यात वाजत होतं. पैसे आल्यापासून साठ दिवसांत गुंतवणूकदाराला शेअर वाटले नाहीत तर पुढच्या पंधरा दिवसांत रक्कम परत करावी लागते. आमच्या कंपनी सचिवांनी सावधगिरी म्हणून २० जानेवारीपासूनच मोजायला सांगितलं होतं. आम्ही १७ मार्चला वाटले, छप्पन्नाव्या दिवशी. मूल्यांकनाचं प्रमाणपत्र नव्वद दिवसांपेक्षा जुनं चालत नाही, तेही एकोणनव्वदाव्या दिवसावर होतं. त्या रात्री सही करताना माझा हात खरंच थरथरत होता.

वाटपानंतर पंधरा दिवसांत पीएएस-३, म्हणजे शेअरवाटप कळवणारा फॉर्म, भरायचा असतो, आणि तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. ही रक्कम वेगळ्या बँक खात्यातच घ्यायची, रोजच्या खात्यात नाही. तीस दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर, म्हणजे परकीय गुंतवणूकदाराला शेअर दिल्याचा अहवाल. आमचा एकदा परत आला, कारण पाठवणाऱ्याचं नाव बँकेच्या कागदावर तोडून छापलं होतं आणि करारात पूर्ण होतं. गुंतवणूकदाराला आधीच सांगून ठेवा की पैसे त्याच्याच खात्यातून, करारातल्या नावानेच पाठव. दुसऱ्याच्या खात्यातून आले तर वेगळी पत्रं लागतात.

हे आधी लिहायला हवं होतं: पोर्टलवर कंपनीची मूळ माहिती भरायची असते, तिला एंटिटी मास्टर म्हणतात. पैसे यायच्या आधीच ते उरकून घ्या. एंजल टॅक्सची, म्हणजे रास्त मूल्यापेक्षा जास्त किमतीला शेअर दिल्यास त्या जादा रकमेवर लागणाऱ्या कराची, भीती मात्र आता मनातून काढा, जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने तो रद्द केला आहे. आणि पैसे देणारा तुमचा अमेरिकेतला मामेभाऊ असेल, अनिवासी भारतीय म्हणून रक्कम परत बाहेर न नेण्याच्या अटीवर देत असेल, तर ती देशांतर्गत गुंतवणूक धरली जाते. एफसी-जीपीआर लागतच नाही. हे मला सगळं संपल्यावर कळलं.

एकशे चाळीस एकरांपैकी आम्हाला बावन्न एकरांची पऱ्हाटी मिळाली. बाकीची पेटली. काकांच्या धुऱ्यालगतची पऱ्हाटी जळाली तेव्हा मी तिथेच होते. काळी राख नांगराच्या तासात मिसळून गेली. त्यांनी मला दोष दिला नाही. परवा स्वतःहून फोन केला. "आता आले ना पैसे? मंग औंदा भट्टी आधी माह्या वावरात आना."