बाराखडी पाठ झाल्यानंतरचे वाचन

माझी मुलगी पहिलीत गेली तेव्हा तिला मुळाक्षरे तोंडपाठ होती. मात्र मधलेच एखादे अक्षर दाखवले, की ती 'क'पासून मनात म्हणत तिथवर पोहोचायची. आधी सगळी मुळाक्षरे, मग काना-वेलांट्या आणि शेवटी जोडाक्षरे या क्रमाने अर्थपूर्ण वाचनाची वेळ फार उशिरा आली असती, म्हणून घरी आम्ही अक्षरगटांची पद्धत धरली. न, म, ल, र, क, आ आणि काना एवढ्यावरच नाक, कान, कलम हे शब्द तयार होतात आणि 'मामा आला' हे अख्खे वाक्यही वाचता येते.

अक्षरे ओळखण्यापेक्षा ती जोडणे तिला जड गेले. 'कलम'मधल्या प्रत्येक अक्षराचा 'अ' ती पूर्ण उच्चारायची आणि ऐकू आलेल्या त्या तीन तुकड्यांतून ओळखीचा शब्द तिला सापडत नसे. तेव्हा पुस्तक मिटून आम्ही शब्द नुसते बोलून टाळ्या वाजवू लागलो: क-लम्, दोनच टाळ्या. शेवटचा 'अ' बोलताना गळतो हे कानाला पटल्यावर डोळ्यांनीही ते मान्य केले.

पहिल्या वेलांटीने बराच काळ खाल्ला. सिटी बसवरची 'शालिमार' ही पाटी ती 'शीलमार' अशी वाचायची, कारण 'शा'चा काना आणि 'लि'ची वेलांटी शेजारी उभ्या असतात आणि तिने ती वेलांटी मागच्या अक्षराला देऊन टाकली होती. मग मी वहीत प्रत्येक अक्षराभोवती त्याच्या चिन्हांसह गोल काढायला लावले. हा साधा उपाय कोणत्याही महागड्या तक्त्यापेक्षा उपयोगी पडला.

केंद्र सरकारने २०२१मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मुलाने समजून वाचावे, असे उद्दिष्ट आहे. ते पाहता पहिलीत घाई करण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे; अर्थात शेजारच्या मुलांची इंग्रजी स्पेलिंगे कानावर पडली, की जीव खालीवर होतोच. रोज रात्री मात्र मी तिला गोष्ट वाचून दाखवते, कारण जो शब्द कधी ऐकलाच नाही, तो अक्षरे जुळवूनही ओळखीचा वाटत नाही.

सध्या आम्ही रफारावर अडलो आहोत. १८४० साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या नावात रफार 'व'च्या डोक्यावर असतो आणि 'र' त्याच्या आधी म्हणायचा असतो. ती अजून 'सावरजनिक' म्हणते. त्यासाठी गर्दी, वर्ग, सूर्य असे रोजच्या बोलण्यातले शब्द घेऊन पुन्हा टाळ्या सुरू केल्या आहेत.