दोन पंखे आत, एक बाहेर

पाण्यावर थंड होणाऱ्या कॉम्प्युटरची तक्रार आली की बहुतेकांचा पहिला संशय पंपावर असतो. त्या दिवशी मशीन घेऊन आलेल्या अ‍ॅनिमेटर बाईंचाही तोच होता. "रेंडर लावलं की पंखे नुसते ओरडतात, आणि तरी गरम ते गरमच," त्या म्हणाल्या. रात्रभर रेंडर, म्हणजे अ‍ॅनिमेशनची अंतिम चित्रं तयार करण्याचं काम, चालायचं आणि मशीन झोपायच्या खोलीत होतं, त्यामुळे बाई दोन्हीकडून वैतागल्या होत्या.

आधी पाणी नेणाऱ्या-आणणाऱ्या दोन्ही नळ्यांना हात लावला. पंप बंद पडला की एक नळी तापते आणि दुसरी गारच राहते. इथे दोन्ही सारख्याच कोमट होत्या, पंपाचे फेरेही स्थिर दिसत होते. म्हणजे पाणी फिरत होतं आणि प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत, म्हणजे पाणी गार करणाऱ्या पातळ पत्र्यांच्या चौकटीपर्यंत, पोहोचतही होती. ती तिथून बाहेर पडत नव्हती. पूर्ण भार दिल्यावर कूलंटचं, म्हणजे नळ्यांतल्या पाण्याचं, तापमान खोलीपेक्षा २३ अंशांनी वर गेलं. ३६० मिमीच्या रेडिएटरला हे शोभत नाही.

रेडिएटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला होता आणि त्याच्या आतल्या अंगाला १२० मिमीचे तीन पंखे. काचेतून पाहिलं तर तिघांचीही दर्शनी बाजू एकसारखी, दिवेही सारखेच. मी टिश्यू पेपरची पट्टी घेतली आणि बाहेरच्या जाळीसमोर वरून खाली फिरवली. वरच्या दोन पंख्यांसमोर पट्टी जाळीला चिकटली. खालच्या पंख्यासमोर ती सरळ माझ्याकडे उडाली.

बाईंना विचारलं, "खालचा पंखा बदललाय का?" बदलला होता. जुना खडखडायला लागला म्हणून दुकानातून त्याच मालिकेतला आणून बसवून घेतला होता.

नेहमीच्या पंख्यात हवा मोकळ्या तोंडाने शिरते आणि ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या पट्ट्या असतात तिकडून बाहेर पडते. काचेच्या कॅबिनेटमध्ये त्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून हल्ली उलट्या पात्यांचे पंखे मिळतात. त्यांची हवा दर्शनी बाजूने बाहेर येते. वरचे दोन तसले होते, नवा साध्या पात्यांचा. तोंड सगळ्यांचं एकीकडे, पण हवा वेगवेगळ्या दिशेला. वरचे दोघे आत आणत असलेली गरम हवा खालचा पंखा रेडिएटरमधून पुन्हा पुढे ढकलत होता आणि वरचे दोघे तीच परत ओढत होते. पंखे जितके जोरात फिरत, तितका हा फेरा वाढत होता. पात्यांचा बाक पाहिल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून मी पट्टी फिरवल्याशिवाय कोणत्याही पंख्यावर विश्वास ठेवत नाही.

बाईंची तयारी तिन्ही पंखे बदलायची होती. खोक्यावर हवेचा आकडा सर्वांत मोठा असलेले पंखे त्यांनी हेरून ठेवले होते. तो आकडा पंख्यासमोर काहीच आड नसताना मोजलेला असतो. रेडिएटरच्या दाट पत्र्यांतून हवा ढकलायची किंवा ओढायची असेल तर स्थिर दाब बघावा लागतो, जो पाण्याच्या मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. मागच्या मोकळ्या जाळीवर मात्र हवा जास्त देणारा पंखा उत्तम. त्यांचे रेडिएटरवरचे पंखे दाबाच्या बाबतीत चांगले होते, म्हणून मी ते तसेच ठेवले आणि नवा फक्त फिरवून बसवला. त्याच्या पट्ट्या आता काचेतून दिसतात. बाईंनी ते लगेच मान्य केलं.

रेडिएटर वर छताला हलवायचा विचारही झाला. त्यांचं रेंडर ग्राफिक्स कार्डावर चालत असतं तर मी हलवला असता, कारण मग कार्डाला खोलीची थंड हवा थेट मिळाली असती. पण त्यांचा भार प्रोसेसरवर होता आणि रेडिएटरचं वरचं टोक पंपाच्या वर असल्याने पाण्यातली हवा पंपात अडकायची भीती नव्हती. जागा योग्यच होती.

उरला आवाज. पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेला होता. ते सेकंदात वीस अंश उडी मारतं आणि तितक्याच झटकन उतरतं. पाण्याला तापायला काही मिनिटं लागतात. रेडिएटरला पाण्याशीच काम आहे, म्हणून वेग कूलंटच्या तापमानाला बांधला. वेग दुप्पट केला की हवा साधारण दुप्पट होते, पण आवाज १५ डेसिबलच्या आसपास वाढतो आणि वीज आठपट लागते. पंखे सावकाश फिरवूनच काम भागत असेल तर त्यांना पळवण्यात काय अर्थ?

पुन्हा रेंडर लावलं. कूलंट खोलीपेक्षा १२ अंश वर जाऊन स्थिरावलं, तेही पंखे मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास असताना. बाई काचेजवळ कान नेऊन ऐकत राहिल्या. मग विचारलं, "बाहेरच्या बाजूनेही तीन पंखे लावले तर?" २७ मिमी जाडीच्या रेडिएटरला त्याचा फायदा फारच थोडा, मी म्हटलं, त्यापेक्षा पुढची जाळी काढून धुवा. ती धुळीने इतकी भरली होती की भोकं दिसत नव्हती.