मागच्या डिफची गळती: ब्रीदर, पिनियन सील आणि उरलेला उजवा एक्सल

गाडीच्या मागच्या डिफमधून (डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) ऑइल गळत होतं, म्हणून तो आधी नीट धुवून घेतला. डिग्रीजर, तारेचा ब्रश, मग ब्रेक क्लीनर, पार मूळ लोखंड दिसेपर्यंत, कारण जुना चिकटा तसाच ठेवला तर नवीन ऑइल कुठून येतंय हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सुकल्यावर सगळ्या जॉइंटवर टाल्कम पावडर मारली आणि गाडी फिरवून आणली. पावडरीवर ओला डाग लगेच उठून दिसतो, आणि बोटाला लावून वास घेतला की गंधकाचा तो उग्र दर्प येतोच, त्यामुळे ब्रेक ऑइल की गिअर ऑइल हा वाद तिथेच मिटतो.

मागचं कव्हर ओलं दिसत होतं म्हणून सगळे म्हणत होते गॅस्केट बदल. गॅस्केट ठणठणीत निघालं! ऑइल येत होतं पुढून, पिनियनपासून (प्रोपेलर शाफ्टची ताकद डिफच्या आत नेणारा छोटा गिअर), आणि गाडी चालताना वाऱ्याने हाउसिंगच्या बुडावरून मागे जाऊन कव्हरच्या खालच्या बोल्टला लोंबत होतं. त्यामुळे जिथे थेंब लटकतो तिथे लगेच सील आणि पाना घेऊन धावायचं नाही, सगळ्यात पुढची आणि सगळ्यात वरची ओली जागा शोधायची.

आता गंमत अशी की दोन्ही एक्सलची (डिफपासून चाकापर्यंत जाणारे शाफ्ट) सीलसुद्धा पाझरत होती. तीन सील एकाच वेळी कशी जातील, म्हणून ब्रीदर (डिफमधली हवा बाहेर जायची छोटी वाट) काढून बघितला तर आत चिखल आणि वरून कुणीतरी मारलेला रंग, फुंकर मारली तर हवा जाईना. डिफ चालून तापला की आतली हवा फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती सीलच्या ओठातूनच ऑइल बाहेर ढकलते, मग सील कितीही नवीन टाका. पेट्रोलमध्ये भिजवून मोकळा केला, त्याला होज लावून तोंड वर बॉडीपर्यंत नेलं म्हणजे पाण्यातून गाडी गेली तरी आत पाणी ओढलं जाणार नाही. एवढ्यानेच डावा एक्सल कोरडा झाला. पिनियनची गळती कमी झाली पण थांबली नाही, म्हणजे तिथे सीलच गेलंय.

पिनियनचं काम मात्र सावकाश करायचं. माझ्या डिफमध्ये क्रश स्लीव्ह (नट आवळला की दबत जाणारी नळी) आहे, म्हणजे नट किती आवळलाय त्यावर बेअरिंगचा प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरलेला दाब) ठरतो, आणि तो बिघडला की बेअरिंग तरी आवाज करतात नाहीतर तापून जातात. म्हणून नट, पिनियनचं टोक आणि फ्लँज (प्रोपेलर शाफ्ट जोडायचा पिनियनवरचा भाग) तिन्हींवर पंचने खूण केली, मागची चाकं आणि ड्रम काढले (नाहीतर ब्रेकचं घासणं मोजमापात येतं), प्रोपेलर शाफ्ट सोडला आणि काट्याच्या टॉर्क रेंचने पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते लिहून ठेवलं. मगच नट खोलला.

फ्लँज हातात आला आणि खरं कारण दिसलं. सीलचा ओठ जिथे घासतो तिथे गोल खाच पडलेली, नख अडकत होतं. अशा फ्लँजवर नवीन सील म्हणजे थोड्याच दिवसात पुन्हा गळती. नवीन फ्लँज मिळत नसेल तर रिपेअर स्लीव्ह चढवायची, पातळ स्टीलची असते, सीलचा साइज बदलावा लागत नाही. मी तेच केलं. सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे, ओठाला गिअर ऑइल लावून, आणि सगळीकडून सारखं ठोकत. फ्लँजच्या स्प्लाइनलाही (आतल्या उभ्या खाचा) थोडं सीलंट लावा, ऑइल त्या खाचांमधून चढून नटाखालून बाहेर येतं आणि आपण उगाच सीलला शिव्या देतो.

नट खुणेपर्यंत आणला, मग केसभर पुढे, प्रत्येक वेळी फिरवून बघत, जोर आधीपेक्षा किंचित जास्त लागेपर्यंत. जास्त आवळला गेला तर मागे घेऊन चालत नाही, स्लीव्ह दबलेली असते, नवीनच टाकावी लागते.

ऑइल बदलताना आधी भरायचा प्लग खोला, मग ड्रेन. भरायचा प्लग जाम निघाला आणि खाली डिफ रिकामा असला की गाडी तिथेच. लोखंडाचा चुरा धरणाऱ्या मॅग्नेटवर राखाडी मऊ पेस्ट होती, ती चालते, चकत्या किंवा दाताचे तुकडे दिसले तर खोलून बघावं लागतं. मॅन्युअलप्रमाणे ८०डब्ल्यू-९० जीएल-५ ग्रेडचं गिअर ऑइल भरलं, गाडी सपाटीवर ठेवून भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, त्याच्या वर नाही.

पिनियन आता कोरडा आहे. उजवा एक्सल अजून पाझरतोय, आणि शाफ्ट हाताने वर-खाली हलवला तर प्ले (ढिलेपणा) जाणवतो, म्हणजे तिथे बेअरिंग गेलंय. हलणाऱ्या शाफ्टवर सील टिकणार नाही, म्हणून बेअरिंग आणि सील एकदमच टाकणार. त्या बाजूचे ब्रेक शू ऑइलने भिजलेत, ते घासून-पुसून परत लावायचे नाहीत, दोन्ही बाजूंचा सेट नवीन घेतोय. बेअरिंगची रिंग शाफ्टवर प्रेसने बसलेली आहे, ती काढताना कुणी ग्राइंडरने खाच मारून छिन्नीने फोडली असेल तर शाफ्टला ओरखडा न येता कसं जमवलं ते सांगा.