माकडशिंग, तिसरा पावसाळा

माकडशिंग म्हणजे माळावरचं गुबगुबीत, बिनपानांच्या कांड्यांचं रोप. त्याच्या कुंडी दोनवरची ‘ॲटेन्युएटा’ ही प्रकाराच्या नावाची पट्टी काल उपटली. दोन वर्षं मिरवली आणि चुकीची निघाली.

चूक माझीच. अंबाजोगाईजवळ बालाघाटाच्या उतारावरून बोटभर कांडी आणली होती. घरी ती शेपटीसारखी निमुळती होत गेली. ॲटेन्युएटा म्हणजे निमुळतं होत गेलेलं, एवढं वाचून मी बारसं उरकलं. कुंडी जिन्याखाली होती हे विसरलोच, सावलीत तर कुठलंही माकडशिंग लांबतं. मार्चपासून तिला गच्चीत ठेवलं, तर नवे फुटवे आखूड, जाड आले. परवा पहिलं फूल उमललं: पिवळट पाकळ्यांवर जांभळे पट्टे, काठाला केसांची झालर. जराशा वाऱ्यानं थरथरते. आता पट्टीवर फिम्ब्रिएटा, म्हणजेच झालरवाली. कांडीवरून प्रकार ठरवायचा नाही, हे कळायला दोन वर्षं गेली.

दोन्ही प्रकारांची जात एकच, कॅरालुमा ॲडसेन्डेन्स. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गनं 1795 मध्ये ती स्टॅपेलिया या गोतात नोंदली. ग्रेव्हली आणि मयूरनाथन या अभ्यासकांनी 1931 मध्ये तिचे फिम्ब्रिएटा, ॲटेन्युएटा, ग्रॅसिलिस वगैरे प्रकार मांडले. 2017 मध्ये तर कॅरालुमाला सेरोपेजियात, आपल्या खरपुडीच्या गोतात, ढकललं गेलं. मी जुनंच नाव लिहितो, किती वेळा पट्ट्या बदलायच्या!

पहिल्या वर्षी काळ्या मातीत लावलेल्या चार कांड्यांपैकी तीन श्रावणाच्या झडीत सडल्या. आता दोन भाग मुरूम, एक भाग विटांचा चुरा, मूठभर चाळलेलं शेणखत. तोडलेली कांडी चार-पाच दिवस सावलीत सुकवायची, मगच लावायची. चीक पाण्यासारखा असतो. पांढरा निघाला तर ते शेराचं काहीतरी आहे, हात धुवा.

माळावर हे उघड्यावर क्वचितच सापडतं. बोरी-तरवडाच्या बुडाशी बघा, शेळीचं तोंड पोचत नाही तिथं. मी वाकून शोधत होतो तेव्हा शेळ्या राखणारे एक मामा म्हणाले, “आवो, मिठासंगं खायाची चीज कुंडीत कशाला लावायलाव?” आणि एक कांडी मोडून हातावर ठेवली. कडवट लागली. भूक मरते म्हणाले. जेवण मात्र मी नेहमीइतकंच केलं.

कुंडी तीनला जोडशेंगा धरल्यात, अगदी शिंगं. माश्यांनी परागीकरणाचं काम केलं, त्यासाठीचा माझा ब्रश वायाच गेला. शेंगांना मलमलची पुरचुंडी बांधलीय, नाहीतर रुईच्या म्हाताऱ्यांसारख्या बिया शेजारच्या गच्चीत जायच्या.