जुन्या मदरबोर्डावरचे जंपर: पेंटियम १३३ च्या जागी २३३ एमएमएक्स बसवताना

मोजमापाचे एक उपकरण अनेक वर्षे ज्या संगणकावर चालत होते, तो संगणक आता नोंदी साठवताना आणि त्यांवर आकडेमोड करताना फार मागे पडू लागला होता. त्याच्या जागी नवा संगणक ठेवणे शक्य नव्हते, कारण उपकरण चालवणारे कार्ड आयएसए या जुन्या पद्धतीच्या स्लॉटात बसणारे आहे, त्याचा प्रोग्राम डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो आणि आजच्या सर्वसाधारण मदरबोर्डांवर आयएसए स्लॉट नसतो. म्हणून आहे तोच मदरबोर्ड ठेवून त्यावरचा पेंटियम १३३ काढायचा, त्या जागी २३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम एमएमएक्स बसवायचा, मेमरी वाढवायची, हार्ड डिस्क बदलायची आणि नोंदी दुसरीकडे पाठवता याव्यात म्हणून एक नेटवर्क कार्ड घालायचे, असे ठरवले. बोर्ड सॉकेट ७ या जातीच्या प्रोसेसर-सॉकेटचा, इंटेलच्या ४३०टीएक्स चिपसेटचा (प्रोसेसर, मेमरी आणि कार्डे यांना जोडणाऱ्या चिपांच्या संचाचा), म्हणजे १९९७ च्या आसपासचा आहे.

प्रोसेसरला किती व्होल्ट द्यायचे, बस (प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातला माहितीचा मार्ग) किती वेगाने चालवायची आणि त्या वेगाला कितीने गुणायचे, या तीनही गोष्टी या बोर्डावर जंपर ठरवतात. बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामच्या, मेनूत त्यांचा उल्लेखही नाही. आत धातूची पट्टी असलेली प्लॅस्टिकची एवढीशी टोपी दोन पिना जोडते किंवा मोकळ्या सोडते, आणि तेवढ्यावर सगळे अवलंबून असते. टोपी चुकीच्या पिनांवर बसली तर कोणतीही सूचना मिळत नाही, वीज मात्र लगेच मिळते. गुणक चुकला तर संगणक फार तर सुरू होणार नाही किंवा मध्येच अडकेल. व्होल्टेज चुकले तर प्रोसेसर कायमचा जाऊ शकतो. त्यामुळे या तिन्हींत व्होल्टेजला मी सर्वांत वरचे स्थान देतो आणि त्याची खात्री होईपर्यंत सॉकेटमध्ये प्रोसेसर ठेवत नाही.

बोर्डाची पुस्तिका हरवलेली होती. सुदैवाने अशा बऱ्याच बोर्डांवर जंपरचे कोष्टक पांढऱ्या शाईत छापलेले असते आणि ते या बोर्डावरही होते. त्यावर विसंबण्याआधी मी बोर्डाच्या कडेला छापलेले मॉडेल आणि आवृत्तीचा क्रमांक लिहून घेतला, कारण एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन आवृत्त्यांमध्ये जंपरचे क्रमांक बदललेले असू शकतात आणि दुसऱ्या आवृत्तीची माहिती पहिल्या आवृत्तीला लागू पडेलच असे नाही. त्यानंतर प्रत्येक जंपर त्या क्षणी कुठे बसलेला आहे याची नोंद केली आणि भिंग घेऊन प्रत्येक ओळीतली पहिली पिन शोधली. पहिल्या पिनेशेजारी बहुधा लहानसा आकडा किंवा जाड रेघ असते; बोर्ड उलटा करून पाहिल्यास पुष्कळदा तिच्या खालचा टाका गोल नसून चौकोनी दिसतो. तीन पिनांच्या जंपरमध्ये एक-दोन आणि दोन-तीन यांचा अर्थ अगदी विरुद्ध असल्याने ही खूण पटेपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नसतो.

जुन्या पेंटियमला एकच व्होल्टेज लागत असे. त्याच्या पाठीवर तिरक्या रेषेनंतर तीन अक्षरे असतात आणि त्यांतले पहिले अक्षर व्होल्टेज सांगते: ‘एस’ असेल तर नेहमीची ३.१३५ ते ३.६ व्होल्टची मर्यादा, ‘व्ही’ असेल तर ३.४ ते ३.६ व्होल्टची अरुंद मर्यादा. एमएमएक्सची रचना वेगळी आहे. त्याच्या गाभ्याला २.८ व्होल्ट लागतात, तर बाहेरच्या चिपांशी बोलणाऱ्या भागाला पूर्वीसारखेच ३.३ व्होल्ट लागतात. म्हणजे बोर्डाला दोन निरनिराळी व्होल्टेज पुरवता आली पाहिजेत. ज्या जुन्या बोर्डांना हे जमत नाही, त्यांवर एमएमएक्स थेट बसवू नये.

गाभ्याच्या व्होल्टेजसाठी बोर्डावर पिनांच्या चार जोड्या होत्या आणि कोष्टकात २.८, २.९, ३.२ आणि ३.३ व्होल्टसाठी एकेक जोडी दिलेली होती. जुना प्रोसेसर काढून घेतल्यावर मी टोपी ३.३ वरून उचलून २.८ वर बसवली. बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर, कोरड्या जाड पुठ्ठ्यावर ठेवला आणि एटी पद्धतीचा पॉवर सप्लाय जोडला. या पॉवर सप्लायच्या दोन चपट्या प्लगांना पी-आठ आणि पी-नऊ म्हणतात. ते शेजारी शेजारी बसवताना दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध, एकमेकींना लागून याव्या लागतात. ते उलटे बसले तर बोर्ड जळू शकतो. शिवाय एटी कॅबिनेटच्या दर्शनी बटणापर्यंत घरातल्या विजेचा पूर्ण दाब येतो, त्यामुळे बटण बंद आहे एवढे पुरत नाही. हात घालण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढलेलाच हवा. जुन्या पॉवर सप्लायवर काही भार नसेल तर त्याचे व्होल्टेज स्थिर राहत नाही, म्हणून त्याला एक निकामी हार्ड डिस्क भार म्हणून जोडली.

मल्टीमीटरचे काळे टोक मोकळ्या प्लगच्या काळ्या तारेत पक्के खोचले आणि लाल टोक रेग्युलेटरच्या (प्रोसेसरचे व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूच्या मोठ्या कपॅसिटरच्या धन पायावर टेकवले. त्या टोकावर मी चिकटपट्टी गुंडाळून फक्त अणकुची उघडी ठेवली होती, कारण ते घसरून शेजारच्या पायाला लागले असते तर मोजमापच नुकसानीला कारण ठरले असते. आकडा २.८२ वर स्थिरावला. एमएमएक्ससाठी २.७ ते २.९ ही मर्यादा असल्याने तो योग्य होता. तरीही वीज बंद करून टोपी ३.३ वर परत नेली, पुन्हा मोजले, आकडा बदललेला पाहिला आणि मगच ती २.८ वर कायमची बसवली. हे दुसरे मोजमाप अनावश्यक वाटेल, पण त्यामुळे आपण मोजत आहोत ती जागा खरोखरच त्या जंपरच्या ताब्यात आहे हे सिद्ध होते; एका आकड्याने तेवढे सिद्ध होत नाही.

यानंतर वेगाचा प्रश्न आला. बस ६६ मेगाहर्ट्झवर होती आणि तिथेच ठेवायची होती. २३३ साठी तिला साडेतीनने गुणायला हवे, पण बोर्डावरच्या कोष्टकात गुणक दीड, दोन, अडीच आणि तीन एवढेच होते. इथे पुष्कळ जण बोर्ड या प्रोसेसरला चालत नाही असे समजून थांबतात. प्रत्यक्षात गुणक बोर्ड ठरवत नाही. बोर्ड फक्त बीएफ-० आणि बीएफ-१ अशा दोन पिना जमिनीला (म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला) जोडतो किंवा मोकळ्या सोडतो, आणि त्या जुळणीचा अर्थ प्रोसेसर आपल्यापुरता लावतो. दोन्ही पिना मोकळ्या असल्या की जुना पेंटियम त्याचा अर्थ दीड असा घेतो आणि २३३ चा एमएमएक्स तीच जुळणी साडेतीन अशी वाचतो. म्हणून कोष्टकात दीडपट म्हणून दिलेली मांडणी मी केली, म्हणजे दोन्ही टोप्या काढल्या. त्या टाकून दिल्या नाहीत, तर प्रत्येक टोपी जोडीतल्या एकाच पिनेवर अडकवून ठेवली. विद्युतदृष्ट्या ती जोडी मोकळीच राहते आणि टोपी हरवत नाही.

प्रोसेसर बसवणे त्यामानाने सोपे होते. सॉकेटची दांडी सरळ वर करायची, प्रोसेसरचा वेगळा दिसणारा कोपरा सॉकेटच्या त्याच कोपऱ्याशी जुळवायचा आणि तो अलगद सोडायचा; दाब द्यावा लागत असेल तर एखादी पिन वाकलेली आहे असे समजून थांबायचे. २३३ चा एमएमएक्स पेंटियम १३३ पेक्षा जास्त तापतो, त्यामुळे जुना बुटका हीटसिंक न वापरता मोठा बसवला आणि थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर लावला.

मेमरीच्या बाबतीत दोन बंधने पाळावी लागली. बोर्डावर ७२ पिनांच्या सिमचे आणि १६८ पिनांच्या डिमचे, म्हणजे मेमरीच्या दोन्ही जातींच्या पट्ट्यांचे, स्लॉट आहेत. सिम ५ व्होल्टवर चालते, एसडीरॅमचे डिम ३.३ व्होल्टवर, म्हणून दोन्ही एकत्र न ठेवता सिम काढून टाकली. (सिमच ठेवायची असती तर ती जोडीनेच लागली असती, कारण एक सिम ३२ बिटांची आणि पेंटियमची बस ६४ बिटांची असते.) दुसरे बंधन चिपसेटचे आहे. ४३०टीएक्स पहिल्या ६४ एमबीपुरतेच कॅशचे (प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीचे) साहाय्य देतो; त्यापुढची मेमरी चालते, पण तिथले काम मंदावते. डॉससाठी ६४ एमबी विपुल आहे, त्यामुळे ३२ एमबीचे दोन डिम लावून तिथेच थांबणे मला योग्य वाटले.

सीएमओएसमधल्या (बायोसची सेटिंग जपणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या मेमरीतल्या) जुन्या नोंदी पुसण्यासाठीचा जंपर बॅटरीच्या शेजारी होता. वीज पूर्ण तोडून तो एक-दोनवरून दोन-तीनवर नेला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि परत एक-दोनवर आणला. सीआर२०३२ बॅटरीही त्याच वेळी बदलली.

हार्ड डिस्कवरही जंपर असतात, आणि इथे ते फक्त मास्टर-स्लेव्हपुरते, म्हणजे एकाच केबलवरच्या दोन डिस्कांपैकी पहिली कोणती हे ठरवण्यापुरते, नव्हते. हाताशी असलेली डिस्क ४० जीबीची होती आणि बायोस १९९९ पूर्वीचे. त्या काळातली अवॉर्ड कंपनीची अनेक बायोस ६५,५३५ हून जास्त सिलिंडरची, म्हणजे साधारण ३३.८ जीबीच्या पुढची डिस्क ओळखायला गेली की तिथेच अडकून पडतात. यावर उपाय म्हणून अनेक डिस्कवर क्षमता कमी दाखवणारी एक जादा जंपर-जागा असते आणि तिचे चित्र डिस्कवरच्या लेबलावर असते. मास्टरची टोपी आणि ही दुसरी टोपी अशा दोन्ही लावल्या. काही डिस्कवर एकटी डिस्क आणि स्लेव्हसोबतचा मास्टर यांसाठी वेगळ्या जागा असतात, त्यामुळे लेबल न वाचता सवयीने टोपी लावणे टाळावे. केबलची लाल कडा पहिल्या पिनेकडे येईल अशी लावली. डॉस ६.२२ च्या एफएटी१६ विभागाला २ जीबीची मर्यादा असल्याने एवढ्या डिस्कचा थोडाच भाग वापरात आला, पण नोंदींसाठी तो भरपूर आहे.

वीज दिल्यावर पडद्यावर पेंटियम-एमएमएक्स आणि २३३ मेगाहर्ट्झ अशी ओळ उमटली. कॅबिनेटच्या दर्शनी भागावरचा हिरवा आकडा मात्र १३३ च दाखवत राहिला. तो आकडा कशाचेही मोजमाप नसते. त्याच्या मागच्या छोट्या पट्टीवरच्या जंपरनी तो आखलेला असतो. तो बदलायचा तर त्या पट्टीवरच्या टोप्या बदलाव्या लागतात, आणि मला ते काम निकडीचे वाटले नाही.

सर्वांत जास्त विचार आयएसए कार्डांनी करायला लावला. उपकरणाचे कार्ड कारखान्यातूनच हेक्साडेसिमल (सोळा अंकांच्या आकडेपद्धतीतल्या) ३०० या पत्त्यावर, म्हणजे प्रोसेसर ज्या क्रमांकावर कार्डाशी बोलतो त्यावर, आलेले होते, आणि एनई२००० जातीचे नेटवर्क कार्डही नेमके त्याच पत्त्यावर, शिवाय आयआरक्यू ३ वर लावलेले होते. आयआरक्यू म्हणजे कार्डाने प्रोसेसरचे लक्ष वेधून घेण्याची रेषा; आयआरक्यू ३ हा दुसऱ्या सीरियल पोर्टचा असतो. हे नेटवर्क कार्ड ३०० पासून पुढचे ३२ पत्ते व्यापते, म्हणून त्याला तिथेच राहू देऊन उपकरणाचे कार्ड २८० वर हलवायचे ठरवले. त्या कार्डावर पत्त्याचा एकेक बिट ठरवणारे ए९ पासून ए४ पर्यंत सहा बारीक स्विच आहेत आणि त्यांत ‘ऑन’ म्हणजे शून्य, ‘ऑफ’ म्हणजे एक, अशी उलटी वाटणारी रीत आहे; कारण स्विच ऑन केला की ती रेषा जमिनीला जोडली जाते. ३०० साठी ए९ आणि ए८ ऑफ होते. २८० साठी ए८ ऑन केला आणि ए७ ऑफ केला, बाकीचे होते तसेच ठेवले. स्विच हलवायला पेन्सिल वापरली नाही, लाकडी काडी वापरली. पेन्सिलीतले ग्राफाइट वीज वाहून नेते आणि त्याची भुकटी स्विचमध्ये राहू शकते. उपकरणाच्या प्रोग्रामच्या सेटिंगच्या फाइलमध्येही नवा पत्ता लिहिला.

नेटवर्क कार्डाचा आयआरक्यू जंपरने १० वर नेला, पण तेवढ्याने काम संपत नाही. अशी जंपरवाली कार्डे आपण कोणता आयआरक्यू घेतला आहे हे बायोसला सांगत नाहीत, त्यामुळे बायोस तोच आयआरक्यू एखाद्या पीसीआय (आयएसएनंतरच्या पद्धतीच्या) कार्डाला देऊन टाकू शकते. बायोसच्या पीएनपी-पीसीआय मेनूत आयआरक्यू १० समोरचा पर्याय ‘लेगसी आयएसए’ असा केला, तेव्हा तो राखीव झाला.

सगळे जोडल्यावर मेमरीची चाचणी रात्रभर चालू ठेवली आणि ती चालू असतानाच त्याच कपॅसिटरवर व्होल्टेज पुन्हा मोजले. भार असतानाही आकडा मर्यादेतच होता. रेग्युलेटरचा हीटसिंक मात्र बोट टेकवून ठेवता येणार नाही इतका गरम झाला होता, म्हणून कॅबिनेटच्या पुढच्या जाळीमागे एक लहान पंखा बसवून हवा थेट त्याच्यावर येईल असे केले. त्यानंतर उपकरण जोडून नोंदी घेतल्या. त्या बिनचूक आल्या आणि नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावर पोहोचल्याही.