डिस्पॅचर जागेवर, प्रोग्रॅम गायब: तीन रात्रींचा हिशेब

मागच्या नोंदीत मी मोजणी (पॅकेट मोजणारा) आणि आयसीएमपी-अडवणी (पिंगची पॅकेटं थांबवणारा) हे दोन्ही एक्सडीपी प्रोग्रॅम (लिनक्स कर्नलमध्ये पॅकेट येताक्षणीच चालणारे छोटे प्रोग्रॅम) एकाच व्हेथवर, म्हणजे आभासी नेटवर्क इंटरफेसवर, चढले असं लिहिलं होतं. ते मागे घेतो. चढले होते, पण चालत नव्हते. कारण काल रात्री दीड वाजता सापडलं.

लक्षणं अशी. एक्सडीपी-लोडरला (हे प्रोग्रॅम चढवणारं साधन) दोन्ही ऑब्जेक्ट एकाच कमांडमध्ये दिले, एरर नाही. आयपी लिंकमध्ये एक्सडीपी_डिस्पॅचर (एका इंटरफेसवर अनेक प्रोग्रॅम क्रमाने चालवणारा मुख्य प्रोग्रॅम) दिसतोय. तरी पिंग बिनदिक्कत आरपार, आणि मोजणीतली प्रिंटके (संदेश छापणारी कॉल) ट्रेसपाइपमध्ये (ते संदेश दिसतात त्या फाइलमध्ये) एक ओळ टाकेना. आधी संशय प्रायॉरिटीवर (लहान आकडा आधी चालतो): मोजणी १०, अडवणी डीफॉल्टची ५०, बरोबर. मग चेन-कॉल अ‍ॅक्शनवर: कोणत्या निकालावर पुढचा प्रोग्रॅम चालवायचा ते ही ठरवते; मोजणी पास (पॅकेट जाऊ द्या) देते, म्हणजे साखळी पुढे जायलाच हवी. क्लँग कंपायलरला मायनस-जी दिलंय का तेही पाहिलं, कारण बीटीएफ (प्रोग्रॅममधल्या टाइपची माहिती) नसेल तर डिस्पॅचरमध्ये शिरताच येत नाही. दिलेलं होतं.

शेवटी बीपीएफटूलने प्रोग्रॅमची यादी काढली. तिथे डिस्पॅचर एकटा. बाकीचे दोघे कर्नलमध्येच नाहीत!

घोळ 'आयपी नेटएनएस एक्झेक'चा. ही कमांड नेटवर्क नेमस्पेस (इंटरफेसांचं वेगळं, बंदिस्त जग) बदलतेच, शिवाय वेगळी माउंट नेमस्पेस (माउंटांची वेगळी यादी) काढून सिसएफएस नव्याने माउंट करते. माझी स्क्रिप्ट त्याच्या आत बीपीएफएस (असे प्रोग्रॅम आणि लिंक टिकवून ठेवणारी फाइलसिस्टीम) माउंट करून मग लोडर चालवायची. लिबएक्सडीपी (लोडरमागची लायब्ररी) प्रत्येक प्रोग्रॅमची फ्रीप्लेस लिंक (डिस्पॅचरमधल्या रिकाम्या फंक्शनच्या जागी प्रोग्रॅम बसवणारा दुवा) तिथे पिन करते, म्हणजे फाइल म्हणून टिकवते. कमांड संपली की ते माउंट गेलं, पिन गेल्या, लिंक सुटल्या. डिस्पॅचर मात्र नेटलिंकने (कर्नलशी बोलण्याच्या वेगळ्या वाटेने) थेट इंटरफेसला लागलेला, म्हणून तो राहिला. त्याच्या आतली मूळ फंक्शनं रिकामी, ती 'पुढे चला' एवढंच सांगतात आणि शेवटी पास.

उपाय एका ओळीचा: एनएसएंटर मायनस-मायनस-नेट. फक्त नेटवर्क नेमस्पेस बदलते, होस्टचं बीपीएफएस तसंच राहतं. लोड केलं आणि सिस/एफएस/बीपीएफ/एक्सडीपीमध्ये 'डिस्पॅच-७-१४३' उमटलं, आत प्रॉग०-लिंक आणि प्रॉग१-लिंक. पिंग जागच्या जागी थांबला, ट्रेसपाइप धो धो वाहू लागला. पाच मिनिटं मी नुसता बघत बसलो. (नावातला पहिला आकडा इंटरफेस क्रमांक. दोन नेमस्पेसमध्ये तो सारखाच आला तर? दुसरा आकडा डिस्पॅचरच्या प्रोग्रॅमचा आयडी आहे, तो सगळीकडे वेगळाच. टक्कर नाही.)

पुढे एएफ-एक्सडीपी सॉकेट (पॅकेट थेट साध्या प्रोग्रॅमच्या हाती देणारं) जोडायचं ठरलं होतं. पण त्याच्या डीफॉल्ट प्रोग्रॅमची प्रायॉरिटी २०, म्हणजे माझ्या ५० वाल्या अडवणीआधीच तो पॅकेट रीडायरेक्ट करून मोकळा होणार. तेव्हा अडवणी आता १५ वर. आणि हे लिहिता लिहिता सुचलं: शेवटी ६० वर अजून एक मोजणी ठेवली तर सॉकेटने न उचललेली पॅकेटंही कळतील. आधी तेच करतो, सॉकेट नंतर.

खरं कार्ड घेणाऱ्यांसाठी: लॅमिंग्टन रोडवर जाल तर चिप विचारूनच पैसे द्या. खोक्यावर नुसतं 'गिगाबिट' असतं. रियलटेकच्या आर८१६९ ड्रायव्हरला नेटिव्ह एक्सडीपी (ड्रायव्हरमध्येच चालणारं) नाही, जेनेरिकवरच (ड्रायव्हरनंतर कर्नलमध्ये चालणाऱ्या, हळू प्रकारावर) भागवावं लागतं. माझी पसंती इंटेल आय२१० ला. महाग पडलं तरी तेच घेणार.

दुरुस्त स्क्रिप्ट ६० वाली मोजणी चालली की टाकतो.