एका लेथवर किती पोरं?

रविवार, रात्र

मल्हारला बंदुका दुरुस्त करायला शिकायचंय, हे एकदाचं पचलं. आता भांडण कुठे शिकायचं यावर.

इथे कोलोराडोत घराजवळ लेकवुडला ट्रेड स्कूल आहे. चौदा महिने, दुसरं काही नाही, फक्त हेच. दुसरं त्रिनिदादचं कॉलेज. डेन्व्हरहून गाडीने तीन तास दक्षिणेला, रॅटन खिंडीच्या पायथ्याशी, जुनं कोळसा खाणींचं गाव. तिथे दोन वर्षं, शेवटी असोसिएट डिग्री. दोन्हीकडे हे शिक्षण १९४७ पासूनचं. महायुद्धावरून परतलेल्यांच्या हाताला काम हवं होतं, सरकार फी भरत होतं.

मल्हारला अर्थात चौदा महिने हवेत. मला त्रिनिदाद. डिग्री म्हटलं की आमचा जीव भांड्यात पडतो, हे कबूल. पण तो १९ चा आहे. लोकांच्या बंदुका ठेवून घेऊन स्वतःचा धंदा करायचा तर केंद्राचं लायसन्स लागतं, ते २१ च्या आत मिळत नाही. विसाव्या वर्षी बाहेर पडून करणार काय? "कुणाच्या तरी दुकानात काम करेन." (बरोबर आहे त्याचं. मी तसं म्हटलं नाही.)

१९९९ साली जिथे गोळीबारात पोरं मेली, ते कोलंबाइन हायस्कूल इथून फार लांब नाही. पहिलीत असताना याच पोराने वर्गातले दिवे मालवून कोपऱ्यात गप्प बसायचा सराव केलाय. तेव्हा घरी येऊन त्याने खायला मागितलं होतं, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

सकाळी सांगलीला फोन लावला. वाटलं, अण्णा तरी कान उपटतील. अण्णा आयटीआयचे फिटर. त्यांनी विचारलं, "पहिला जॉब काय देतात?"

"लोखंडाचा ठोकळा कानशीने घासून काटकोनात आणायचा, आजोबा."

अण्णा असे खुलले! गॅरेजात मल्हारचा प्रयत्न चालूच होता, तो ठोकळा त्याने कॅमेऱ्यासमोर धरला. "गुण्या लाव. आता उजेडाकडे धर. दिसली फट? मधे फुगवलायस. हात डुलतोय तुझा." ओरखडेही उठले होते. "कानशीच्या दात्यांत कीस अडकलाय. ब्रशने काढ आणि खडू चोळ." घरात खडू कुठला? माझी रांगोळी घेतली. अण्णा म्हणाले, बघ चोळून. मग दोघं तासभर त्यातच. मी कॅमेरा धरायला.

फोन ठेवताना अण्णा म्हणाले, "डिग्री राहू दे. एका लेथवर किती पोरं, ते विचार. आमच्याकडे दोन लेथ, त्यातलं एक बंद. बारा जण एकमेकांच्या पाठी बघत शिकलो."

दोन्हींची माहितीपत्रकं पुन्हा चाळली. हे कुठेच लिहिलेलं नाही. उद्या मल्हार दोन्हीकडे फोन करणार आहे.

ठोकळा ओट्यावरच पडलाय. मघाशी मीही गुण्या लावून दिव्यासमोर धरला. एका कोपऱ्यातून अजून उजेड येतोय.